सिरीजचा दिवा

बरेच महिने इकडे फिरकलो नाही. ताईचा मेल आला, "लिहिणं सोडलंस का?" एका मावसभावाने तर सरळ "जिवंत आहेस ना?" असं विचारलं. आहे रे बाबा. आमच्या गॅलरीला लागून जी छोटी खोली आहे ना, तिच्यात एका पत्र्याच्या डब्यासमोर बसून होतो. रोज रात्री साडेनऊपासून बायकोची हाक येईपर्यंत.

तर मंडळी, त्या डब्याची ही गोष्ट. इलेक्ट्रॉनिक्सचं वावडं असलेल्यांनी घाबरू नये, गणित फारसं नाही. आणि ताई, तू शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर. मध्येच केलास तर मला ओरडा बसणार आहे.

सुरुवात झाली २०२४च्या पावसाळ्यात. ऑफिसातला एक जुना प्रोजेक्टर भंगारात निघाला. साधा दिवा असलेला नव्हे, लेझरवर चालणारा. अशा प्रोजेक्टरच्या पोटात निळ्या लेझर डायोडची फलटणच असते; आमच्या याच्या पोटात दोन डझन निघाले. प्रत्येक ऑफिसात अशी तीन-चार माणसं असतात जी जेवणाच्या सुट्टीत कायम काहीतरी उघडून बसलेली असतात. आमच्याकडच्या त्या टोळक्याने ते डायोड वाटून घेतले. माझ्या वाट्याला तीन आले.

दिसायला म्हणाल तर हरभऱ्याएवढा. सोनेरी टोपी, समोर काचेची इवलीशी खिडकी, मागे बारीक पाय. यातून साधारण एक वॅट निळा प्रकाश निघतो. "हात्तिच्या, एकच वॅट? आमच्या मोरीतला बल्ब नऊ वॅटचा आहे," असं माझी कन्या म्हणाली. (ती नववीत आहे, आणि तिला सगळं माहीत असतं.) पण मोरीतला बल्ब आपला उजेड चारी भिंतींना वाटून टाकतो. लेझर सगळा उजेड एकाच रेघेत सोडतो. भर दुपारच्या सूर्याकडे बघितलं (चुकूनही बघू नका), तर बारीक झालेल्या बाहुलीतून डोळ्यात जेमतेम तीन-चार मिलिवॅट प्रकाश शिरतो, आणि तेवढ्यानेही डोळा भाजतो. हा हरभरा हजार मिलिवॅट सोडतो. वर आपल्या डोळ्याचं भिंग इतकं इमानदार, की आलेला झोत ते पडद्यावर अगदी बारीक ठिपक्यात गोळा करून ठेवतं. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. तोवर सगळं उरकलेलं असतं. अर्ध्या वॅटच्या वरचे लेझर म्हणूनच सर्वांत धोकादायक, चौथ्या वर्गात धरतात. त्यांचा भिंतीवर पडलेला ठिपकासुद्धा जवळून उघड्या डोळ्यांनी बघायचा नसतो.

बायकोने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे घरात हवंच कशाला?"

प्रश्न रास्त होता. उत्तर कन्येने दिलं. "आजोबांच्या खणांसाठी."

*

आता नानांबद्दल सांगायला हवं. नाना म्हणजे माझे वडील. वय ७८. नोकरी कारकुनाची केली, पण खरा जीव रेडिओत. आमच्या लहानपणी घरात मर्फीचे, बुशचे उघडे सांगाडे पडलेले असायचे आणि गल्लीतली माणसं "नाना, याची खरखर बघा जरा" म्हणत यायची. सेल परवडायचे नाहीत तेव्हा नाना बॅटरी एलिमिनेटर बनवून द्यायचे. आठवतो का हा शब्द? सेलच्या जागी लावायचा तो छोटा डबा, एका बाजूने प्लग, दुसऱ्या बाजूने दोन वायरी. कॉलनीतल्या निम्म्या ट्रान्झिस्टरना नानांचाच एलिमिनेटर होता.

मधुमेहाने त्यांचा उजवा डोळा २००८ साली गेला. आत रक्तस्राव झाला आणि मग पडदाच सुटला. डावा लेझरने वाचवला, त्याबद्दल पुढे सांगतो. आता त्यांना समोरचं बऱ्यापैकी दिसतं, कडेचं दिसत नाही, आणि संध्याकाळनंतर फार कमी. पण खोलीतल्या भिंतीवर त्यांचे छोटे छोटे प्लास्टिकचे खण अजून आहेत. रेझिस्टर, कपॅसिटर, फ्यूज, स्क्रू. त्यावरच्या कागदी चिठ्ठ्यांची शाई कधीच उडाली. कन्येची कल्पना अशी की लेझरने लाकडाच्या पट्ट्यांवर मोठी, खोल अक्षरं जाळायची. दिसलं नाही तर बोटाला कळेल.

अक्षरं काढायला दोन जुन्या डीव्हीडी ड्राइव्हच्या सरकपट्ट्या जोडल्या. एक उभी सरकते, एक आडवी. चार सेंटिमीटर बाय चार सेंटिमीटरचं राज्य. खणाच्या चिठ्ठीला पुरेसं आहे. ते तिने आणि मी मिळून दोन रविवारांत उरकलं. उरला पॉवर सप्लाय. मला वाटलं, हे तर आपल्या घरचंच काम. एलिमिनेटरवाल्याचा मुलगा मी!

नानांनाही तसंच वाटलं. "किती व्होल्टचा आहे?" त्यांचा पहिला प्रश्न.

"साडेचारच्या आसपास."

"मग काय, साडेचारचा एलिमिनेटर कर."

आणि इथेच गंमत आहे. रेडिओ हा समजूतदार प्राणी. त्याला ठरलेले व्होल्ट द्या, लागेल तेवढा करंट तो आपला आपण घेतो. लेझर डायोडला हे शहाणपण नाही. त्याला साडेचार व्होल्ट दिले तर तो थोडा करंट घेतो, तापतो. तापला की तितक्याच व्होल्टला जास्त करंट ओढतो. त्याने आणखी तापतो, आणखी ओढतो. व्होल्टमध्ये चिमूटभर फरक पडला तरी करंट कुठल्या कुठे जातो. शिवाय त्याच्या आतल्या चकतीची दोन टोकं हेच त्याचे आरसे. जिथून प्रकाश बाहेर पडतो ती जागा केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी अरुंद. तिथे ठरल्यापेक्षा जास्त प्रकाश झाला की आरसा जळतो, आणि ते व्हायला सेकंदाचा एक लाखावा भागसुद्धा फार झाला. फ्यूज उडायच्या कितीतरी आधी लेझर मेलेला असतो. म्हणून त्याला व्होल्ट मोजून द्यायचे नसतात, करंट मोजून द्यायचा असतो. तो कितीही मागो, ठरवलेल्या पलीकडे एक थेंब नाही.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे सिरीजचा दिवा!"

मी बघतच राहिलो. नव्या मंडळींसाठी सांगतो. जुन्या रेडिओवाल्यांकडे लाकडी फळीवर एक होल्डर आणि एक सॉकेट असायचं. होल्डरमध्ये साठ किंवा शंभर वॅटचा पिवळा बल्ब. दुरुस्त केलेली वस्तू पहिल्यांदा थेट प्लगमध्ये घालायची नाही, या सॉकेटमध्ये घालायची. वस्तूकडे जाणारी वीज बल्बातून जायची. वस्तू ठीक असली तर बल्ब मिणमिणतो. आत कुठे शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो, आणि बल्ब जेवढं जाऊ देईल त्यापेक्षा जास्त आत जाऊच शकत नाही. ना फ्यूज उडतो, ना धूर निघतो. नानांची ती फळी अजून घरात आहे. मी इतकी वर्षं तिला टेस्टिंगचा दिवा समजत होतो. ती करंट अडवायची युक्ती आहे हे मला त्या रात्री, वयाच्या ४७व्या वर्षी, त्यांच्याकडून कळलं.

*

एका शनिवारी तपकीर गल्लीत गेलो. पुणेकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची मंडई. नानांनी यादी तोंडी सांगितली होती. नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, आणि "एक अँपिअर हवाय ना? मग दोनचा आण." मी उगाच वाद घातला, पण त्यांचं बरोबर होतं. रेक्टिफायरच्या पुढे मोठा कपॅसिटर लावला की ट्रान्सफॉर्मरमधून वीज सलग वाहत नाही, थोड्या थोड्या वेळाने मोठे घोट घेतले जातात, आणि ट्रान्सफॉर्मर त्या घोटांनी तापतो. ब्रिज रेक्टिफायर, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि करंट बांधायला एलएम ३१७ नावाची तीन पायांची चिप. ही १९७०च्या दशकातली, पण अजून प्रत्येक दुकानात मिळते.

एलएम ३१७चं काम समजायला सोपं आहे. तिच्या दोन पायांमध्ये ती कायम १.२५ व्होल्ट राखायचा हट्ट धरते. त्या दोन पायांमध्ये तुम्ही एक रेझिस्टर ठेवायचा आणि सगळा करंट त्यातून जायला लावायचा. १.२५ला रेझिस्टरने भागा, तेवढाच करंट वाहणार. मी दीड ओहमचा घेतला, म्हणजे ०.८३ अँपिअर. डायोड एक अँपिअरही सहन करतो, पण मला घाई नव्हती. उरलेले व्होल्ट चिप स्वतः गिळते आणि त्याची उष्णता करून टाकते. माझ्या हिशोबात चार वॅट, म्हणजे बोट लावलं तर चटका. त्यामुळे हीटसिंक मोठं लागलं.

डबा पहिल्यांदा चालू केला तो नानांच्या फळीवरून. बटण दाबलं, बल्ब क्षणभर भगभगला आणि लगेच मिणमिणला. मोठा कपॅसिटर भरला, इतकंच. खोलीत अंधार होता, पण बल्बचा तो भपका नानांना दिसला. "झालं, पोट भरलं त्याचं," ते म्हणाले.

खरा लेझर लावण्याआधी खोटा लावायचा असतो. सहा साधे डायोड ओळीने जोडले, की ते मिळून जवळपास लेझरएवढेच व्होल्ट अडवतात. सोबत एक ओहमचा रेझिस्टर, म्हणजे मीटरवर जेवढे मिलिव्होल्ट तेवढे मिलिअँपिअर. ८२८ दिसले. पाच मिनिटं थांबलो, ८२७. अर्धा तास थांबलो, ८२६. इतका आनंद मला दहावीच्या निकालालासुद्धा झाला नव्हता. :-)

मग मी काय केलं? डबा चालूच ठेवला, खोटा डायोड क्लिपांतून सोडवला आणि त्याच क्लिपा खऱ्याला लावल्या.

टिचकी वाजल्यासारखा बारीक आवाज झाला. लेझर निळा दिसला, पण मिणमिणता, मोबाइलच्या चार्जरवरच्या दिव्यासारखा. करंट पुरता ८२७. प्रकाश नाही. मेला होता. मेलेला लेझर डायोड विझत नाही हे मला माहीत नव्हतं. त्याचे आरसे जळतात, पण आतला डायोड जिवंत राहतो, मग तो साधा एलईडी होऊन बसतो. दिसतो चालू, पण कामाचा नाही.

चूक कुठे झाली ते शोधायला दोन रात्री गेल्या. आउटपुटवर मी एक छोटा कपॅसिटर लावला होता, बारीकसारीक झटके शोषायला. क्लिपा मोकळ्या असताना करंटला जायला वाट नाही. चिप आपली ०.८३ अँपिअर ढकलायचा प्रयत्न करत राहते, आणि तो कपॅसिटर दहा व्होल्टांपर्यंत भरून बसतो. मग साडेचार व्होल्टांचा बिचारा लेझर तिथे चिकटवला की साठलेलं सगळं एका दणक्यात त्याच्या अंगावर. चिपने करंट बांधलेला होता, पण चिपच्या पुढे उभ्या असलेल्या कपॅसिटरला कोणी बांधलंच नव्हतं.

नानांना सांगितलं तर ते हसले. "आधी जोडायचं, मग चालू करायचं. सोडवताना आधी बंद, मग हात. हे तुला मी तिसरीत सांगितलं होतं."

सांगितलं होतं. पण तेव्हा ते शॉक बसू नये म्हणून होतं ना!

*

दुसरा डायोड मी क्लिपांना लावलाच नाही. त्याच्या पायांना बारीक तार गुंडाळून ते एकमेकांना जोडून ठेवले, म्हणजे माझ्या अंगावरच्या स्थिर विजेनेही तो मरू नये. मग वायरी कायमच्या सोल्डर केल्या आणि शेवटी ती तार काढली. गॉगल चार आणले, नारिंगी काचेचे, या निळ्या रंगाचा दहा हजारातला एखादाच भाग आत सोडणारे. बायकोच्या अटी अशा: खिडकी बंद, पडदा लावलेला, टेबलावर स्टीलचं काही नाही (पक्कडसुद्धा), कन्या खोलीत असेल तर गॉगल घालून, आणि दारावर "आत येऊ नये" अशी पाटी. सगळं मान्य केलं.

त्या रात्री साडेदहाला चालू केला. गॉगलमधून निळा काही दिसत नाही, पण काळ्या रंगवलेल्या फळीवर एक ठिपका तापला आणि धुराची रेघ वर निघाली. जळक्या लाकडाचा वास. माझ्या डब्याने हे केलं होतं. मी त्या धुराकडे बघत बसलो.

आणि मागे दार उघडलं.

नाना होते. ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट ऐकून आले होते, चाचपडत. दारावरची पाटी मी ठळक लाल अक्षरांत लिहिली होती आणि डोळ्यांच्या उंचीला, दाराच्या डाव्या बाजूला लावली होती. कडेचं नानांना दिसत नाही. आणि रात्रीचं तर काहीच. जगातली कुठलीही पाटी या माणसासाठी नव्हती, आणि मी पाटीवर विसंबलो होतो.

मी बटणावर अक्षरशः पडलो. डबा बंद. सगळं मिळून दोन सेकंद झाली असतील. झोत फळीकडे होता, मी मध्ये होतो, नाना दारात. काही झालं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दुसऱ्या दिवशी जाऊन आलो, खरंच काही झालेलं नाही. (ताई, हाच तो परिच्छेद. श्वास घे.)

पण त्या वेळी माझे हात थरथरत होते आणि मी ओरडलो. "नाना! गॉगल नाही घातलात! कळत नाही का?"

ते दारातच थांबले. म्हणाले, "मला कशाला रे गॉगल? गेलेल्याचं काय जाणार?"

मी काही बोललो नाही. त्यांच्याकडे जे उरलंय ते किती कष्टाने उरलंय, हे मला माहीत होतं. २००९ साली मीच त्यांना घेऊन जात होतो.

*

नानांनी तेव्हाचं सगळं त्या रात्री परत सांगितलं, बहुधा माझे हात थांबावेत म्हणून. तीन फेऱ्या झाल्या होत्या. यंत्रासमोर हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. डोळ्यावर भिंग. मग हिरवे लखलखाट, एकामागून एक. प्रत्येक लखलखाट सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही छोटा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर. शक्ती काही शे मिलिवॅट. म्हणजे माझ्या डब्यातल्या हरभऱ्यापेक्षा कमीच. असे सगळे मिळून हजारावर ठिपके, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे पडद्यावर मुद्दाम पाडलेला चटका.

मुद्दाम का? मधुमेहात पडद्याला प्राणवायू कमी पडतो, मग तो नव्या रक्तवाहिन्या मागवतो. त्या नव्या वाहिन्या ठिसूळ असतात, फुटतात. उजवा डोळा त्यानेच गेला. डॉक्टर पडद्याचा कडेचा भाग जाळतात, म्हणजे प्राणवायू मागणाऱ्यांची संख्या कमी होते, हाकाटी थांबते आणि त्या वाहिन्या सुकतात. कडा द्यायची आणि मध्य राखायचा, असा सौदा. आता डोळ्यात इंजेक्शनंही देतात, पण नानांचा मध्य लेझरनेच राखला. त्यात त्यांची कडेची आणि रात्रीची नजर गेली. म्हणजे ज्या लेझरमुळे त्यांना माझा चेहरा अजून दिसतो, त्याच लेझरमुळे त्यांना माझी पाटी दिसली नाही.

"तुला एक सांगू?" नाना म्हणाले. "तिथल्या बाई यंत्र चालू करण्याआधी दाराला आतून कडी लावायच्या. पाटी होतीच, पण कडीही लावायच्या. आणि डॉक्टर पायाने दाबायचे. पाय उचलला की बंद."

मी दोन महिने करंट बांधत बसलो होतो. दार बांधायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून डब्याचं काम पुन्हा काढलं. दाराच्या चौकटीला एक छोटा मायक्रोस्विच लावला. डब्यात एक रिले. दार बंद असेल आणि मी बटण दाबलं तरच रिले उचलतो. दार जरा किलकिलं झालं की रिले पडतो, आणि पडताना लेझरचे दोन पाय एकमेकांना जोडून टाकतो, म्हणजे सगळा करंट लेझरला वळसा घालून निघून जातो. दार पुन्हा लावलं तरी आपोआप काही सुरू होत नाही, बटण पुन्हा दाबावंच लागतं. लाइट गेली तरी रिले पडलेलाच. वायर तुटली तरी पडलेलाच. काहीही बिघडलं तर बिघाडाने लेझर बंदच व्हावा, अशी रचना.

हे नानांना पटायला वेळ लागला. "आउटपुट शॉर्ट करतोस? जन्मभर मी लोकांना सांगितलं, शॉर्ट होऊ देऊ नका." बरोबर आहे, एलिमिनेटरचं आउटपुट शॉर्ट म्हणजे एलिमिनेटर गेला. पण करंट बांधलेल्या डब्याचं उलट असतं. त्याला शॉर्ट झालं तर तो निवांत असतो, तेवढाच ०.८३ वाहतो, चिप थोडी जास्त तापते. त्याला भीती असते ती मोकळ्या क्लिपांची. ज्याने पहिला लेझर मारला तीच. शॉर्ट सुटतो तेव्हा आउटपुटचा कपॅसिटर रिकामा असतो, त्यामुळे दणकाही बसत नाही.

नानांनी मीटरच्या सुया स्वतः धरल्या, मी दार उघडलं-लावलं, दहा वेळा. प्रत्येक वेळी रिलेची टिकटिक. त्यांनी आकडे बघितले नाहीत, आवाज ऐकत होते. दहाव्यांदा म्हणाले, "आता हा सिरीजचा दिवा."

पहिला लेझर १९६०चा, डायोडचा लेझर १९६२चा. तेव्हा नाना पंधरा वर्षांचे होते आणि पहिला रेडिओ उघडत होते. तो डायोड द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून, थांबून थांबून चालवावा लागायचा. साध्या हवेत सलग चालणारा १९७० साली जमला. निळ्याला तर १९९६ उजाडलं, जपानच्या शुजी नाकामुरांनी तो सलग चालवून दाखवला. एवढ्या लोकांनी एवढी वर्षं घासून तो हरभरा बनवला, आणि मी पहिला एका टिचकीत मारला. दुसरा मात्र अजून जिवंत आहे. तिसऱ्याला डबीत ठेवलंय, चांदीच्या कागदात गुंडाळून.

पट्ट्या झाल्या. तीनदा फिरवल्यावर अक्षरं बोटाला लागण्याइतकी खोल जळतात. कन्येने २२ पट्ट्या केल्या आणि दिवाळीच्या दिवशी लावल्या. नानांनी एकेकीवरून बोट फिरवलं. एका पट्टीपाशी थांबले. "हे काय लिहिलंय?"

"कपॅसिटर, आजोबा."

"कंडेन्सर म्हणतात त्याला."

ती पट्टी तिने परत केली. बाकी, नानांना कुठल्या खणात काय आहे हे पट्ट्यांशिवायच पाठ आहे, हे त्या दिवशी कळलं. आम्ही विचारलंच नव्हतं कधी. पण पट्ट्या त्यांनी काढू दिल्या नाहीत.

२३वी पट्टी मी केली. ती डब्यावर आहे. "आधी जोडा, मग चालू करा." खाली छोट्या अक्षरांत, "दाराला कडी." आणि फळी आता त्याच खोलीत भिंतीवर टांगलीय. बल्ब बदललेला नाही, तो नानांचाच आहे. साठ वॅटचा, पिवळा.

ताई, आता कर फोन.